लहान महाविद्यालयात घेतलेली पदवी एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी कितपत तयार करते?

म्हादईकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील असून उत्तर गोव्यातील एका लहान महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकत आहे. मुख्य विषय रसायनशास्त्र. आमच्या वर्गात जेमतेम बारा विद्यार्थी आहेत आणि विभागात चार प्राध्यापक. पुढे एम.एस्सी. आणि शक्य झाल्यास पीएच.डी. करावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. घरात पदवीपर्यंत पोहोचणारी मी पहिलीच आहे, त्यामुळे या वाटेची माहिती विचारावी असे जवळचे कोणी नाही.

बारावीपर्यंत माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण मुंबईतील मोठ्या महाविद्यालयात शिकते. तिच्याकडे दर महिन्याला बाहेरचे शास्त्रज्ञ व्याख्यानाला येतात, विभागात मोठी यंत्रे आहेत आणि वरच्या वर्गांतील मुले कोणत्या परीक्षेला कधी बसायचे हे आपणहून सांगतात. आमच्याकडे एनएमआर (रेणूची रचना ओळखण्याचे मोठे यंत्र) म्हणजे पुस्तकात छापलेले आलेख एवढेच. मात्र प्रॅक्टिकलला प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची काचनळी) मिळते, सर शेजारी उभे राहून वाचन पाहतात आणि जर्नल तपासताना आकडेमोड कुठे घसरली हे समासात लिहून देतात. हे पुढच्या शिक्षणात खरोखर उपयोगी पडते का, की मोठ्या ठिकाणी गेल्यावर आम्ही मागेच पडतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे.

आणखी एक प्रश्न आहे. गोव्यात 2023-24 पासून पदवीला नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यामुळे आमच्यापुढे चौथ्या वर्षाचाही पर्याय आहे. ते वर्ष याच महाविद्यालयात करावे, की तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जावे?

खाजनबांध

तुझा प्रश्न वाचून लगेच लिहावेसे वाटले, कारण मी दक्षिण गोव्यातील अशाच एका लहान महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतली, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एम.एस्सी. केली आणि नंतर राज्याबाहेर सागरी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मला जे तारून नेणारे ठरले ते बहुतांशी पदवीच्या प्रयोगशाळेत शिकलेले होते, आणि जे कमी पडले त्याचेही मूळ तिथेच होते.

आधी जमेची बाजू. लहान विभागात हाताशी माणसे कमी असल्यामुळे प्रमाणित द्रावणे विद्यार्थ्यांनाच करावी लागतात, काचसामान स्वतः धुवावे लागते, कलरीमीटर (द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र) बिघडला तर सरांबरोबर बसून तो उघडून पाहावा लागतो. यामुळे यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा कुठून येतो आणि तो कुठे कुठे बिघडू शकतो याची जाण येते, आणि ती नुसत्या वाचनाने येत नाही. एक उदाहरण देतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू आजही जहाजावर विंकलर पद्धतीने मोजतात. 1888 साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत म्हणजे मुळात आयोडीन आणि थायोसल्फेटचे टायट्रेशन (एक द्रावण थेंबाथेंबाने घालत दुसऱ्यातील पदार्थ मोजणे) आहे, शेवटी स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत करायचे. गोव्याच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू फार खाली जातो. अशा पाण्याचा नमुना बाटलीत भरताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी उत्तर चुकते. हलत्या जहाजावर हे काम करताना माझा हात स्थिर राहिला, कारण पदवीच्या काळात प्रत्येक टायट्रेशन मी स्वतः केले होते आणि तीन वाचने जुळेपर्यंत आम्हाला कोणी सोडत नव्हते. मोठ्या संस्थांतून आलेले माझे काही सहकारी माझ्याहून कितीतरी अधिक वाचलेले होते, पण पदवीला त्यांनी हे प्रयोग चौघांच्या गटात केले होते आणि गटातला एकच जण ब्युरेट धरत असे.

आता उणी बाजू, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. पदवी संपेपर्यंत मी एकही शोधनिबंध मुळापासून शेवटपर्यंत वाचला नव्हता. सांख्यिकीचा संबंध फक्त सरासरी आणि प्रमाण विचलनापुरता होता. सर्वांत मोठी उणीव म्हणजे वर्गातील चर्चेचा परीघ. तीन वर्षे तेच मोजके विद्यार्थी एकमेकांसमोर बसले की कोण काय विचारणार हे आधीच ठाऊक होते आणि आपल्या मांडणीला कोणी कडाडून आव्हान देत नाही. पीएच.डी.तील साप्ताहिक परिसंवादात अनोळखी माणसाने मध्येच थांबवून "हे तुम्ही कशावरून म्हणता?" असे विचारले की पहिल्यांदा आपल्याला तो अपमान वाटतो. तो अपमान नसून कामाचाच भाग आहे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

म्हणून माझे सांगणे असे की तुझ्या महाविद्यालयात जे आहे ते पूर्णपणे घे आणि जे नाही ते गोव्यातच शोध, कारण आपल्या राज्याचा आकार पाहता इथे संशोधन संस्था पुष्कळ आहेत. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून काम करते आहे, वास्कोला हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, जुने गोवे येथे किनारी शेतीवरील केंद्रीय संशोधन संस्था आहे आणि विद्यापीठाच्या विभागांत होणारी बरीच व्याख्याने कोणीही विचारून ऐकू शकतो. वाळपईहून कदंबाच्या बसने पणजीला येऊन पुढे पठारावर जाण्यात अख्खा दिवस मोडतो हे मी जाणतो, तरीही सत्रात काही वेळा हा दिवस मोडावा. व्याख्यानातले निम्मे समजले नाही तरी शास्त्रज्ञ एकमेकांना प्रश्न कसे विचारतात हे कानावर पडते.

प्राध्यापिका, फोंडा

मी एका लहान महाविद्यालयात शिकवते. "खाजनबांध" यांनी प्रयोगशाळेविषयी लिहिलेले मला मान्य आहे. मला ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे तिचा विद्यार्थी फार उशिरा विचार करतात, ती म्हणजे शिफारसपत्र.

भारतात एम.एस्सी.चा प्रवेश बव्हंशी गुण आणि प्रवेश परीक्षेवर ठरतो, त्यामुळे शिफारसपत्राचे महत्त्व मुलांना कळत नाही. परंतु उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आणि परदेशातील जवळजवळ प्रत्येक पीएच.डी. अर्ज यांत तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकाचे मत मागितले जाते. अमेरिकेतील विद्यापीठे सहसा अशी तीन पत्रे मागतात. दोनशे मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या प्राध्यापकाने सद्भावनेने लिहिले तरी त्याच्या पत्रात गुण, हजेरी आणि चांगली वर्तणूक याखेरीज काय असणार? बारा जणांच्या वर्गाला तीन वर्षे शिकवणारी व्यक्ती मात्र असे लिहू शकते की या विद्यार्थिनीचे उत्तर पुस्तकातील किमतीशी जुळले नाही तेव्हा तिने आकडे ओढूनताणून बसवले नाहीत, इंडिकेटर (रंग बदलून टायट्रेशनचा शेवट दाखवणारा पदार्थ) बदलून प्रयोग पुन्हा केला आणि फरकाचे कारण शोधले. निवड करणाऱ्यांना असे एक वाक्य गुणपत्रिकेत सापडत नाही. लहान महाविद्यालयाचे पुढील शिक्षणासाठी सर्वांत मोठे देणे मला हेच वाटते.

मात्र ते आपोआप मिळत नाही. शिक्षकाला लिहिण्याजोगे काही घडावे लागते, आणि आमच्याकडे मुले शांत बसून उत्तम गुण मिळवून निघून जातात. सरांना त्रास कशाला द्यायचा, हा संकोच विशेषतः ग्रामीण भागातून आलेल्या मुलींमध्ये मी दरवर्षी पाहते आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण ज्यांच्यासाठी हा विभाग सर्वाधिक उपयोगी ठरावा त्याच सर्वांत कमी मागतात. तुमच्या सरांकडे जा आणि सांगा की मला पीएच.डी.पर्यंत जायचे आहे, दर आठवड्याला एक शोधनिबंध वाचून तुमच्याशी अर्धा तास बोलेन. बहुतेक शिक्षकांना याचा आनंदच होईल. शोधनिबंध मिळवण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. इन्फ्लिबनेट या संस्थेच्या, महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके आणि पुस्तके देणाऱ्या एन-लिस्ट योजनेत तुमचे महाविद्यालय असेल तर ग्रंथपाल तुम्हाला प्रवेशाचे खाते काढून देतील, आणि जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या एक राष्ट्र एक वर्गणी योजनेतून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. ग्रंथालयात जाऊन दोन्हींविषयी विचारा.

बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना देशभरातील शास्त्रज्ञांकडे दोन महिने काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीसच मागवले जातात. अर्जात तुम्हाला काय करायचे आहे याचा छोटा मजकूर आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. लहान महाविद्यालयातील मुलांनी तर हा अर्ज केल्याशिवाय राहूच नये, कारण एनएमआरसारखे यंत्र प्रत्यक्ष पाहण्याची संधी तिथे मिळते आणि आपण कुठे आहोत याचा अंदाजही येतो.

पेडणेकर, गणित

वरील दोन्ही उत्तरे आपुलकीने लिहिलेली आहेत, परंतु एक कठोर बाजू सुटली आहे असे मला वाटते. बारा जणांत पहिला क्रमांक मिळणे आणि देशभरातील हजारो उमेदवारांत टिकणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि लहान महाविद्यालय ते अंतर दाखवत नाही. शिक्षक प्रेमाने समजावून घेतात, अंतर्गत परीक्षेत काय येणार याचा अंदाज असतो, आणि मूल स्वतःला जितके तयार समजते तितके ते नसते. आयआयटीतील एम.एस्सी.साठी घेतली जाणारी जॅम परीक्षा तीन तासांची आणि शंभर गुणांची असते, त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणारे प्रश्नही असतात, आणि तिथे समासात दोन ओळी लिहून देणारे कोणी नसते.

पुढे सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचाही टप्पा आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये मिळतात, आणि ज्या घरातून पीएच.डी.चा खर्च निघणार नाही तिथे संशोधन करणे शक्य होईल की नाही हे याच परीक्षेवर ठरते. म्हणून जॅमच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आजच उतरवून घ्याव्यात आणि घड्याळ लावून सोडवाव्यात. गुण कमी आले तर खचू नये. कोणता भाग कच्चा आहे हे त्यातून कळते आणि तो भाग घेऊन सरांकडे जाता येते.

माझ्या विषयात 1993 पासून चालू असलेल्या एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिराने लहान गावांतील अनेक मुलांचा कायापालट केला आहे. तिथे व्याख्यान कमी आणि फळ्यापुढे उभे राहून सिद्धता मांडणे अधिक असते. प्रत्येक विषयात असे काही ना काही असते, ते शोधावे.

मूळची डिचोलीची, सध्या अमेरिकेत

पेडणेकरांचा मुद्दा बरोबर आहे, पण या चर्चेला आणखी एक बाजू आहे. मी जिथे काम करते तिथे लहान महाविद्यालयातून येणे ही कमकुवत बाजू मानत नाहीत. 1989 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे थॉमस चेक आयोवा राज्यातील ग्रिनेल या लहान महाविद्यालयाचे पदवीधर. 2020 साली तेच पारितोषिक मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातील पोमोना या लहान महाविद्यालयाच्या, आणि पीएच.डी.नंतर त्यांनी चेक यांच्याच प्रयोगशाळेत काम केले. पदवीधरांच्या संख्येशी तुलना करून पाहिले तर पीएच.डी.पर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण रीड, कार्लटन, स्वार्थमोर अशा लहान महाविद्यालयांत अनेक मोठ्या विद्यापीठांपेक्षा जास्त दिसते.

तथापि ही तुलना जपून करावी. त्या महाविद्यालयांकडे कोट्यवधी डॉलरचे कायम निधी आहेत, विद्यार्थी आवारातच राहतात आणि अभ्यासक्रम प्राध्यापक स्वतः ठरवतात. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाळावा लागतो आणि विद्यार्थी दुपारची बस पकडून घरी जातात. मग त्यांच्यातले आपल्याला घेण्याजोगे काय? माझ्या समजुतीप्रमाणे दोनच गोष्टी. तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापकाच्या संशोधनात पदवीचा विद्यार्थीच खरा सहकारी असतो, आणि रीडसारख्या ठिकाणी तर प्रत्येकाला शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध लिहून तो परीक्षकांपुढे तोंडी मांडावाच लागतो. या दोन्ही गोष्टींना पैसा लागतो त्याहून अधिक शिक्षकाचा वेळ लागतो, आणि बारा विद्यार्थ्यांच्या विभागात तो काढता येतो.

दफ्तर

मी इतिहासाचा विद्यार्थी, विद्यापीठाच्या दामोदर कोसंबी सामाजिक शास्त्र संकुलात एम.ए. केले. विज्ञानाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु विषय निवडण्याबाबत एक सांगावेसे वाटते. पदवीला असताना आमच्या मॅडमनी वर्गातील प्रत्येकाला आपल्या गावाशी जोडलेला विषय घ्यायला लावले. मी 1852 मधील दीपाजी राणे यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या बंडाचा सत्तरीतील नाणूस परिसराशी असलेला संबंध घेतला आणि त्यानिमित्ताने पणजीच्या पुराभिलेखागारात, जिथे इतिहासकार पां. स. पिसुर्लेकरांनी कागदपत्रांची व्यवस्था लावली तिथे, पदवीच्या वयातच जाऊन बसलो. पोर्तुगीज न येण्याची अडचण तिथे लख्ख समजली आणि एम.ए.ला जाण्यापूर्वी मी ती भाषा शिकायला घेतली. मोठ्या महाविद्यालयात प्रत्येकाच्या विषयाकडे असे वैयक्तिक लक्ष देणे शिक्षकांना क्वचितच शक्य होते. "म्हादईकाठ", आपल्या सत्तरीत आणि शेजारच्या डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी, विहिरी आणि नदी हे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. रसायनशास्त्रासाठी त्यात प्रश्न नसतील असे मला वाटत नाही.

म्हादईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पेडणेकर सरांचे म्हणणे वाचून थोडी भीती वाटली, पण जॅमच्या दोन जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतल्या आहेत. खाणीजवळच्या विहिरींच्या पाण्यातील लोह आणि मँगनीज हा विषय सरांकडे बोलून पाहते. फोंड्याच्या मॅडम, चौथ्या वर्षाविषयी आपले मत कृपया सांगाल का? 75 टक्के गुण असतील तर त्यानंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो असे ऐकले आहे, ते खरे का?

प्राध्यापिका, फोंडा

ऐकलेले खरे आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये निघालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान 75 टक्के गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थी पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरतो. पण पात्र ठरणे आणि तयार असणे यांची गल्लत करू नका. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत राहतेच, आणि मुलाखतीत तुमच्यासमोर दोन वर्षांची एम.एस्सी. केलेले उमेदवार बसलेले असतील.

चौथे वर्ष दोन प्रकारचे असते हे आधी समजून घ्या. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के गुण लागतात आणि प्रबंधिका (छोटा संशोधन प्रबंध) करावी लागते. नुसत्या ऑनर्समध्ये त्याऐवजी अधिकचे विषय शिकायचे असतात. संशोधनाचा पर्याय चालवण्यासाठी विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायम प्राध्यापक आणि पुरेशी प्रयोगशाळा असावी लागते. सर्वच लहान विभागांत ते नसते. म्हणून तुमच्या विभागप्रमुखांना सरळ विचारा: आपल्याकडे संशोधनासह ऑनर्सला मान्यता आहे का, माझे मार्गदर्शक कोण असतील, आणि लोह-मँगनीजसाठी लागणारे अणू शोषण वर्णपटमापक (द्रावणातील धातूंचे प्रमाण मोजणारे यंत्र) आपल्याकडे नसेल तर नमुने कुठे तपासून मिळतील?

या तिन्ही प्रश्नांची ठोस उत्तरे मिळाली तर मी तुम्हाला चौथे वर्ष तिथेच करायला सांगेन. तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली वर्षभर एका प्रश्नावर काम करून प्रबंधिका लिहिणे ही पीएच.डी.ची उत्तम पूर्वतयारी आहे, आणि त्यानंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मार्गही नव्या चौकटीत ठेवलेला आहे. तो मात्र प्रत्येक विद्यापीठात तुमच्या विषयात चालू असेलच असे नाही, तेव्हा जिथे जायचे तिथली प्रवेशपुस्तिका पाहून ठेवा. उत्तरे मोघम मिळाली, किंवा मान्यता नुसत्या ऑनर्सचीच असली, तर तीन वर्षांची पदवी घ्या आणि दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जा. तिथे तुम्हाला नवे सहाध्यायी, मोठी यंत्रे आणि दुसऱ्या वर्षी प्रबंधिका मिळेल.

दोन्ही पर्यायांसाठी जॅमचा अर्ज भराच. तो साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. विहिरींचे नमुने घ्यायचे असतील तर पावसाळा संपण्यापूर्वी एकदा आणि मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर एकदा घ्या, म्हणजे तुलना करता येईल. बाटल्या आधी विरल नायट्रिक आम्लाने धुऊन घ्या, आणि नमुना गाळल्यावर त्यातही थोडे तेच आम्ल घाला, नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते. विषयाचा एक पानी आराखडा लिहून सरांना दाखवा, आणि हवा असल्यास इथेही टाका, मी वाचेन.